काठावरची माणसे

फराळाची ताटे भरताना आमच्या घरी एक न बोललेला नियम पाळला जात असे. सबंध चकली, न फुटलेला लाडू आणि नीट मुरड पडलेली करंजी पाहुण्यांच्या ताटात जाई. मोडलेले, विरलेले आणि किंचित करपलेले असेल ते घरच्यांच्या वाट्याला येई. लहानपणी एकदा मी याविरुद्ध तक्रार केली, तेव्हा आई हसून म्हणाली, "अरे, ते परके. तू कुठे जाणार आहेस?" या 'तू कुठे जाणार आहेस' मध्ये किती माया आहे आणि किती अन्याय आहे, याचा हिशेब मला पुढे पुष्कळ वर्षांनी करावा लागला, आणि तो फराळाच्या निमित्ताने नव्हे, निवडणुकीच्या निमित्ताने.

निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक मनुष्य माझ्या आईच्याच नियमाने चालतो. त्याच्याभोवती दोन प्रकारची माणसे असतात. एक आपली, जी उन्हातान्हात भिंती रंगवतात, पत्रके वाटतात, स्वतःच्या खिशातला चहा पितात आणि उमेदवाराच्या शब्दावर भांडणे ओढवून घेतात. दुसरी काठावरची, जी दोन्ही सभांना जातात, दोन्हीकडे मान डोलावतात आणि शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाहीत. निवडून येण्यासाठी दोन्ही लागतात. परंतु आर्जव करायचे ते काठावरच्यांचे. आपली माणसे कुठे जाणार आहेत?

या गोष्टीचे शास्त्रही झालेले आहे. हॅरॉल्ड होटेलिंग नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1929 साली असा प्रश्न मांडला, की एकाच रस्त्यावर दोन दुकानदार असले तर ते एकमेकांना खेटून मधोमधच का बसू पाहतात? कारण टोकाचे गिऱ्हाईक हक्काचे असते. ओढाताण असते ती मधल्या गिऱ्हाइकाची. आमच्या गावातल्या भेळेच्या दोन गाड्यांनी होटेलिंगचे नावही न ऐकता हा सिद्धांत सिद्ध केला होता. पुढे 1957 साली अँथनी डाउन्सने तो राजकीय पक्षांना लावून दाखवला आणि त्यात एक मेखही दाखवून दिली: टोकाचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही हे खरे, पण ते रागावून घरी बसू शकते.

इथवर सारे गणित आहे, आणि गणिताला पाप-पुण्य नसते. पण ज्या सभेत मी आपल्या माणसांना एक सांगतो आणि ज्या सभेत काठावरच्यांना दुसरे सांगतो, त्या दोन सभांमधल्या रस्त्यावरून चालत जाणारा मी, तो प्रामाणिक मनुष्य असतो की नसतो? या प्रश्नाला गणित उपयोगी पडत नाही. मी चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा इतिहासाकडेच वळणे मला सोपे.

ज्याच्या प्रामाणिकपणाविषयी शाळेतली मुलेही शंका घेत नाहीत, असा एक मनुष्य घेऊ: अब्राहम लिंकन. 1858 साली तो इलिनॉय राज्यातून सिनेटच्या जागेसाठी उभा होता. प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस. बुटका, बुलंद आवाजाचा आणि देशभर गाजलेला. सिनेटर तेव्हा थेट जनता निवडत नसे, राज्याचे विधिमंडळ निवडी. पण त्या विधिमंडळासाठी मते मागायला हे दोघे गावोगाव हिंडले आणि सात गावी समोरासमोर उभे राहून बोलले. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यायचे, मग पुन्हा पहिल्याने अर्धा तास. तीन-तीन तास लोक उभ्याने ऐकत. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्यांनाही या श्रोत्यांचे कौतुक वाटावे.

इलिनॉय हे दक्षिणोत्तर सहाशे किलोमीटर पसरलेले राज्य. उत्तरेला न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्ककडून येऊन वसलेले लोक होते. त्यांना गुलामगिरीची चीड. अगदी दक्षिणेच्या टोकाला केंटकी-टेनेसीकडून आलेले. त्या भागाला लोक 'इजिप्त' म्हणत, आणि तिथे लिंकनचे नाव काढणेही अवघड. मधल्या पट्ट्यात राहत होते ते काठावरचे: मोडकळीस आलेल्या जुन्या व्हिग पक्षाचे अनाथ मतदार. गुलामगिरी पसरू नये असे त्यांना वाटे. पण काळा मनुष्य आपल्या शेजारी येऊन राहील, मत देईल, या कल्पनेनेही त्यांच्या अंगावर काटा येई. त्याच राज्याने 1853 साली स्वतंत्र काळ्या माणसालाही राज्यात येऊन वस्ती करायला बंदी घालणारा कायदा केला होता. लिंकनचा रिपब्लिकन पक्ष तर अवघा चार वर्षांचा. जय-पराजय ठरणार होता तो या मधल्या पट्ट्यात.

जुलै महिन्यात शिकागोला, म्हणजे आपल्या माणसांत, लिंकन म्हणाला की हा वंश आणि तो वंश, हा खालचा आणि तो वरचा, ही बाष्कळ चर्चा आता सोडून देऊ आणि सर्व माणसे समान जन्माला आली आहेत या घोषणेखाली पुन्हा एकत्र उभे राहू. 18 सप्टेंबरला चार्ल्सटन गावी, म्हणजे मधल्या पट्ट्यात, तोच लिंकन आरंभालाच म्हणाला की गोऱ्या आणि काळ्या वंशांची सामाजिक व राजकीय समता व्हावी अशा मताचा मी नाही आणि कधीच नव्हतो. काळ्यांना मताधिकार द्यावा, पंच म्हणून बसवावे, अधिकारपद द्यावे, गोऱ्यांशी त्यांचे विवाह व्हावेत, यांपैकी काहीच मला नको. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. डग्लसने हे हेरले. उत्तरेकडे या पक्षाची तत्त्वे काळीकुट्ट असतात, राज्याच्या मध्यावर ती सावळी होतात आणि दक्षिणेला पोचेपर्यंत जवळजवळ गोरी होतात, अशी त्याची थट्टा होती. आणि गेल्सबर्गच्या सभेत त्याने शिकागोचे आणि चार्ल्सटनचे भाषण शेजारी शेजारी ठेवून लिंकनला जाब विचारला. लिंकनचे उत्तर असे, की मला दोहोंत विसंगती दिसत नाही.

आता खरे सांगायचे तर विसंगती नव्हतीच. काळ्यांना मताधिकार द्या असे लिंकन शिकागोला बोलला नव्हता, आणि गुलामगिरी योग्य आहे असे चार्ल्सटनला बोलला नव्हता. वकिलाच्या दृष्टीने दोन्ही भाषणे एकाच फायलीत बसतात. पण सभा म्हणजे तर्कशास्त्राचा वर्ग नव्हे. शिकागोच्या श्रोत्याने घरी काय नेले आणि चार्ल्सटनच्या श्रोत्याने काय नेले, हे पाहिले तर दोघांनी दोन वेगळे लिंकन नेले. 'नरो वा कुंजरो वा' या चार शब्दांत खोटे काहीच नाही. तरीही युधिष्ठिराचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो खाली टेकला. मला नेहमी वाटत आले आहे की व्यासांनी तो रथ चार बोटेच खाली आणला, जमिनीत गाडला नाही, यात मोठा समंजसपणा आहे.

लिंकनच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल. त्याच्या डोळ्यांसमोर 1844 ची गोष्ट होती. त्या वर्षी त्याचा आवडता पुढारी हेन्री क्ले अध्यक्षपदाला उभा होता. टेक्सास संघराज्यात घेण्याला, म्हणजेच गुलामगिरीचा मुलूख वाढवण्याला, क्लेचा विरोध होता. पण दक्षिणेकडच्या काठावरच्यांना राखण्यासाठी त्याने पत्रे लिहून तो विरोध पातळ केला. झाले! उत्तरेकडची तत्त्वनिष्ठ मंडळी बिथरली. न्यूयॉर्क राज्य क्लेच्या हातून सुमारे पाच हजार मतांनी गेले. आणि त्याच राज्यात गुलामगिरीविरोधी छोट्या लिबर्टी पक्षाने पंधरा हजारांवर मते घेतली होती. न्यूयॉर्क गेले म्हणून अध्यक्षपद गेले, आणि पुढल्याच वर्षी टेक्सास गुलामगिरीसकट संघराज्यात आले. लिंकनने 1845 साली एका पत्रात त्या लिबर्टीवाल्यांविषयी हळहळ व्यक्त केली आहे: तुम्ही स्वतःचे हात स्वच्छ ठेवलेत, पण ज्याला तुमचा विरोध होता तेच घडले. मला ही हळहळ पटते. फक्त एवढेच लक्षात येते, की याच गोष्टीतून क्लेने शिकायचे ते वेगळे होते आणि लिबर्टीवाल्यांनी शिकायचे ते वेगळे. आणि दोघांनीही आपापला धडा दुसऱ्याला शिकवायचा प्रयत्न केला.

डग्लसचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. फ्रीपोर्टच्या सभेत लिंकनने त्याला पेचात धरले: नव्या प्रदेशातील लोकांना आपल्याकडे गुलामगिरी नको असेल, तर ती बाहेर ठेवता येते की नाही? नाही म्हणावे तर इलिनॉयचा मधला मतदार जातो. हो म्हणावे तर दक्षिणेकडचे निष्ठावंत पक्षबंधू जातात. डग्लस 'हो' म्हणाला. गुलामगिरीला पोलीस आणि कायद्याचे पाठबळच दिले नाही, तर ती तिथे टिकणार कशी, असे त्याचे चतुर उत्तर. त्या उत्तरावर तो निवडून आला. विधिमंडळात 54 विरुद्ध 46. पण दक्षिणेने ते वाक्य विसरले नाही. 1860 साली त्याच्या पक्षाचे अधिवेशन भरले तेही चार्ल्सटनलाच, मात्र ते साउथ कॅरोलायनातले चार्ल्सटन. तिथे पक्ष फुटला, दोन उमेदवार उभे राहिले आणि चाळीसएक टक्के मतांवर लिंकन अध्यक्ष झाला. म्हणजे घरच्यांना करपलेली चकली वाढणाऱ्या दोघांपैकी एकाचे घर फुटले आणि दुसऱ्याचे टिकले. का? लिंकनची माणसे अधिक सोशिक होती म्हणून? अंशतः तसेही असेल. पण मला कारण वेगळे दिसते. शेवटच्या सभांत, विशेषतः ऑल्टनला, लिंकन स्पष्ट म्हणाला की खरा वाद एकच आहे: गुलामगिरी हे पाप मानायचे की नाही. ऑल्टन हे मिसिसिपीकाठचे गाव. पलीकडच्या तीरावर गुलामगिरीचे मिसूरी राज्य. याच गावात 1837 साली एलायजा लव्हजॉय या गुलामगिरीविरोधी पत्रकाराला जमावाने ठार मारले होते. तिथे हे वाक्य बोलायला काही लागते. लिंकनने काठावरच्यांना कडेचे पुष्कळ काही देऊन टाकले, नको इतके देऊन टाकले. पण मधला खांब दिला नाही. डग्लसकडे द्यायला-ठेवायला खांबच नव्हता. गुलामगिरी राहो की जावो, लोकांनी मत देऊन ठरवले म्हणजे झाले, असे त्याचे म्हणणे होते.

इथे थांबलो असतो तर हा निबंध सुखाने संपला असता. पण 1876 सालचे एक भाषण मला तसे करू देत नाही. भाषण फ्रेडरिक डग्लसचे. (आडनावाच्या सारखेपणाने वाचकांनी गोंधळू नये. हा फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मला, वीस वर्षांचा असताना पळून सुटला आणि त्या शतकातला एक थोर वक्ता झाला.) 14 एप्रिलला, लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच तारखेला, वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाचे अनावरण होते. स्मारकाचे पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवलेले. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले. अशा प्रसंगी आपल्याकडे काय बोलले जाते ते सर्वांना माहीत आहे. डग्लस म्हणाला, लिंकन हा मुख्यतः गोऱ्यांचा अध्यक्ष होता; आम्ही फार तर त्याची सावत्र लेकरे. आमच्या मुक्तीच्या बाजूने पाहिले तर तो मंद, थंड आणि उदासीन वाटतो; पण ज्या देशाला बरोबर घेऊन त्याला जायचे होते, त्या देशाच्या मनाच्या मापाने मोजले तर तो वेगवान, आवेशी आणि निश्चयी होता. दोन्ही मापे त्याने शेजारी शेजारी ठेवली आणि एकही उचलून घेतले नाही. 'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी 1873 साली अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला, कोणा एका अध्यक्षाला नव्हे. त्याची मला या भाषणावरून नेहमी आठवण होते.

डग्लसच्या भाषणाने मला जे दाखवले ते असे. आपण इतका वेळ दोन माणसांचा विचार करीत होतो: निष्ठावंत आणि काठावरचा. पण चार्ल्सटनच्या मैदानावर त्या दिवशी तिसरा मनुष्य नव्हता. ज्याच्याविषयी सारी भाषणे चालली होती, त्याला मत नव्हते, सभेत जागा नव्हती. काठावरच्याला सांभाळण्यासाठी जो वेळ लागतो त्याचे व्याज निष्ठावंत भरत नाही आणि उमेदवारही भरत नाही. ते हा तिसरा भरतो. अध्यक्ष झाल्यावरही लिंकनने तेच केले. 22 जुलै 1862 रोजी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने मंत्र्यांना वाचून दाखवला आणि विजयाची वाट पाहत बाजूला ठेवून दिला. नेमक्या एका महिन्याने, 22 ऑगस्टला, संपादक होरेस ग्रीलीला त्याने उघड पत्र लिहिले, की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसे करीन. खणात मसुदा, वर्तमानपत्रात हे पत्र! सप्टेंबरात अँटिएटमची लढाई झाली, जाहीरनामा निघाला आणि 1 जानेवारी 1863 पासून अमलात आला. पण संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या केंटकी, डेलावेअरसारख्या काठावरच्या राज्यांना तो लागूच नव्हता. तिथल्या गुलामाला डिसेंबर 1865 पर्यंत, घटना बदलेपर्यंत, थांबावे लागले. लिंकनचे धोरण शहाणपणाचे होते असे मीही मानतो. मात्र केंटकीतल्या त्या माणसाची त्या शहाणपणाला सही नव्हती.

हे सारे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितो आहे, त्याला एक घरगुती कारण आहे; ते लपवणे आता बरे दिसणार नाही.

तीसएक वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीसाठी उभा होतो. वाचनालयाला एक अभ्यासिका होती: दिवे, पंखे, लांब टेबले, सगळे चांगले. पण तिथे बसायला दोनशे रुपये अनामत आणि एका सभासदाची शिफारस लागे. नदीपलीकडच्या वस्तीतल्या मुलांना दोनशे रुपये अवघड होते. आणि शिफारस मिळणे त्याहून अवघड. कारण सांगण्याची आपल्या देशात गरज पडत नाही. अनामत आणि शिफारस दोन्ही काढून टाकायची, हे आमचे ठरले होते. आमच्यासाठी जो सर्वांत जास्त राबला, त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते; त्याला आपण अण्णा म्हणू. अण्णाच्या घरी, कंदिलाएवढ्या उजेडात बसून, मी त्या मुलांच्या बापांना शब्द दिला होता.

मतदानाच्या आधी चार दिवस पेठेत सभा झाली. आजीव सभासद, व्यापारी, निवृत्त कारकून. सारी काठावरची, सभ्य माणसे. एकाने उठून विचारले, "मास्तर, अनामत रद्द करणार म्हणतात, खरे का?" मी म्हणालो, "सर्वांच्या विचाराने, वाचनालयाची शिस्त सांभाळून, योग्य ते करू." टाळ्या पडल्या. मी अकरा मतांनी निवडून आलो.

परतताना अण्णा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही खोटं नाही बोललात. पण आमच्याकडं बोललेलं वाक्य आज तिथं का नव्हतं?" मी त्याला समजावले: निवडून तर येऊ दे, आतून करता येईल. आणि केलेही. पहिल्या वर्षी अनामत निम्मी झाली; शिफारशीची अट तिसऱ्या वर्षी गेली; चौथ्या वर्षी अनामतही गेली. एकही सभासद रागावून सोडून गेला नाही. कार्यकारिणीच्या अहवालात मी हे अभिमानाने लिहिले आहे.

फक्त चौथ्या वर्षी अण्णाचा पुतण्या अभ्यासिकेत यायला हवा होता, तो आला नाही. तीन वर्षे म्हणजे एखाद्या मुलाची आठवी, नववी आणि दहावी असते. तो दहावीला नापास होऊन कामाला लागला होता. अभ्यासिकेत बसला असता तर तो पास झालाच असता, असे मी म्हणत नाही. अण्णाही कधी म्हणाला नाही. पुढल्या निवडणुकीतही तो माझ्यासाठी तसाच राबला. तो कुठे जाणार होता?

त्या सभेत मी काय बोलायला हवे होते, ते वाक्य मी पुढे कितीतरी वेळा मनात जुळवून पाहिले. शेवटी एक जमले. "अनामत जावी असे माझे मत आहे. तुम्हाला पटल्याशिवाय मी ती एकट्याने काढणार नाही, पण पटवीत राहीन. हे ऐकून मग मत द्या." परवाच्या दिवाळीला अण्णा आला होता, आता केस पिकले आहेत, दुकान मुलगा पाहतो. फराळ झाल्यावर मी ते वाक्य त्याला म्हणून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकले, बोटांवर कसलासा हिशेब केला, बहुधा पेठेतली घरे मोजली असावीत, आणि म्हणाला, "पडला असता सर तुम्ही."

मग बशीत चहा ओतून घेत, थोड्या वेळाने, त्याने मला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला सांगितले.